खामगाव–जालना, व्हाया मामाजींचा कॉम्प्युटर

रेल्वेवर इतका जीव लावणारा आणि एवढी वर्षं रेल्वेत पाय न ठेवलेला माणूस उभ्या हिंदुस्थानात दुसरा सापडणार नाही. हे मी पत्रकाच्या भाषेत बोलत नाही. पत्रकात मी याहून बरंच वाढवून लिहितो. आमच्या रेल्वे मागणी समितीची सगळी पत्रकं माझ्याच हातची असतात, आणि "झोपलेल्या सरकारा, कान उघड" यापेक्षा मवाळ ओळ माझ्या पेनातून आजवर उतरलेली नाही. पण माझ्या वहिनीच्या मामांबद्दल लिहिताना वाढवायची सोयच नाही. तो माणूस देवानंच वाढवून लिहिलेला आहे.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव. तिथून मुंबई-हावड्याच्या गाड्या दिवसरात्र धडधडत जातात. घाटावर आम्ही. जिल्ह्याचं ठिकाण आमचं, कचेऱ्या आमच्या, कोर्ट आमचं, कॉलेजं आमची, थंड हवासुद्धा आमची. रेल्वे? रेल्वे नाही. खामगावहून चिखलीमार्गे जालन्याला जाणारी लाइन माझ्या आजोबांच्या तोंडी होती, बापाच्या तोंडी होती, आता माझ्या तोंडी आहे. रुळावर तेवढी ती कधी आली नाही. मधूनमधून सर्व्हे होतो. माणसं येतात, झेंड्या रोवतात, कुणाच्या तरी ओट्यावर चहा पितात आणि जातात. मग झेंडीचं फडकं सायकल पुसायला कामी येतं आणि काठी वालाच्या वेलाला.

असाच एक सर्व्हे चालला होता तेव्हा वहिनीचे मामा (त्यांना आम्ही सगळेच मामाजी म्हणतो) जमीन मोजणी खात्यात नवे नवे लागले होते. सर्व्हेवाल्यांना शेतांच्या हद्दी दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. चिखली तालुक्यात उंद्री म्हणून मोठं गाव आहे. तिथल्या तुळशीरामभाऊंच्या शेतात नेमकी त्या जागी झेंडी आली, जिथं ते दुसऱ्या दिवशी विहिरीचा नारळ फोडणार होते. मामाजी विशीतले, अंगावर सरकारी शर्ट. छाती काढून म्हणाले, "भाऊ, इथं खोदू नको. इथून गाडी जाईन." तुळशीरामभाऊंनी हात जोडले आणि नारळ घरी नेला. पुढे गाडी आली नाही हे काय वेगळं सांगायचं! पण ज्यांनी झेंड्या रोवल्या ते विसरले, ज्यांनी भाषणं केली ते विसरले, आणि नुसती हद्द दाखवणारा हा माणूस विसरेना. त्यांनी प्रतिज्ञाच केली: त्या शेतातून गाडी जाईल तेव्हाच आपण गाडीत बसायचं, तोवर नाही. मी एकदा कारण विचारलं तर चिडून म्हणाले, "माह्या एका शब्दावर त्या माणसानं इहिरीवर पाणी सोडलं, अन् मी गाडीत बसून चिवडा खाऊ काय बे?"

ही प्रतिज्ञा त्यांनी पुढारी पाळतात तशी पाळली नाही, खरोखर पाळली. नागपूर एसटीनं, मुंबई एसटीनं. एकुलती एक मुलगी दिली थेट बिलासपूरला, आणि जावई केला तो रेल्वेतलाच! "नातं जोडाले हरकत नाही, बसाले हरकत हाय," असा त्यांनी स्वतःच निर्वाळा दिला. लग्न तिकडेच होतं. वऱ्हाड मलकापूरहून गाडीनं निघालं. नवरीचा बाप वऱ्हाडाच्या दोन दिवस आधी एसटीनं निघाला आणि वऱ्हाडाच्या अर्ध्या तासानंतर पोचला. मामीजींना असली काही प्रतिज्ञा नव्हती. त्या वर्षातून दोनदा लेकीकडे रेल्वेनं जात, आणि मामाजी त्यांना मलकापूरला पोचवायला जात तेव्हा रीतसर प्लॅटफॉर्म तिकीट काढून, सामान डब्याच्या दारातून हात लांब करून आत सरकवत; पाय बाहेरच. मग स्वतः एसटी धरत. मामीजी सांगत, "मी गाडीत बसते, जेवते, झोपते, बिलासपूरले उतरते, लेकीचा सैपाक आवरून होते, तवा हे गोंदियाच्या स्टँडवर चौकशी करून राह्यले असतात."

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. मामाजींनी कॉम्प्युटर आणला. त्या दिवसांत बुलढाण्यात कॉम्प्युटर म्हणजे क्लासमध्ये चप्पल बाहेर काढून बघायची वस्तू. मामाजींनी तो देवघराच्या बाजूच्या खोलीत मांडला, त्याला मामीजींच्या जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घेतलं. समितीची पत्रकं त्यावर टाइप करून देतो असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. आम्ही खूश. मग एका उन्हाळ्यात जावई आले आणि एक सीडी ठेवून गेले. आमचा सत्यानाश त्या सीडीनं केला.

स्क्रीन सेव्हर म्हणजे काय हे आता सगळ्यांना माहीत आहे. कॉम्प्युटरला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप काहीतरी फिरायला लागतं. कुणाकडे मासे पोहतात, कुणाकडे नळ वाढत जातात. या सीडीत होती आगगाडी. आणि ती नुसती बघायची नव्हती, चालवायची होती! रूळ आपणच टाकायचे, डोंगर आपणच उचलायचे, स्टेशनांना नावं आपण द्यायची, माऊसनं टिचकी मारून सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा, एक बटण दाबलं की शिटी. मी सीडी आत घातली आणि दोन मिनिटांत गाडी सुरू करून देतो म्हणालो. दोन दिवस लागले. कारण सुरुवातीलाच कंपनीचा करारनामा पडद्यावर आला आणि खाली 'आय ॲग्री' असं बटण. मी दाबायला गेलो तर मामाजींनी माझं मनगट धरलं.

"वाचलं काय?"

"मामाजी, हे कोणीच वाचत नाही. सारं जग दाबते."

"सारं जग न वाचता सह्या करते म्हणून तं मोजणीच्या कचेरीत गर्दी असते बे."

मग त्यांनी डिक्शनरी काढली. पहिल्या दिवशी अर्धा करारनामा झाला. दुसऱ्या दिवशी एका कलमावर घोडं अडलं. या गाडीमुळे काही नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असं त्यात होतं. मामाजी म्हणाले, "मंग जबाबदार कोण? स्टेशन मास्तर?" मी म्हणालो, तुम्हीच. ते गंभीर झाले आणि हात धुऊन येऊन त्यांनी स्वतःच्या तर्जनीनं ते बटण दाबलं. त्या क्षणापासून त्या गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली, ती पुढे घेतलेलीच राहिली.

दुसरा कुणी असता तर त्यानं पडद्यावर गोल रूळ टाकले असते आणि गाडी गरगर फिरवली असती. मामाजींनी मोजणीच्या जुन्या वह्या काढल्या. खामगाव ते जालना, प्रत्येक चढ, प्रत्येक नाला, प्रत्येक वळण त्यांनी आठवून आठवून माऊसनं उचललं, दाबलं, वळवलं. पावसाळा संपेपर्यंत नुसती जमीन चालली होती. मग रूळ. स्टेशनं आठच देता येत होती, आणि नावं इंग्रजी अक्षरांतच टाकावी लागत. 'सीएचआयकेएचएलआय' असं चिखलीचं नाव ते एक एक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकत आणि मग पडद्याकडे बघून म्हणत, "चुकून इंग्लंडात गेल्यासारखी दिसते चिखली."

गाडी धावू लागली आणि आमची पत्रकं थांबू लागली. किती वेळ हात लावला नाही की गाडी यावी हे ठरवता येतं. मामाजींनी ठरवलं एक मिनिट. मी बाजूला बसून मजकूर सांगत असायचो. "या निर्लज्ज, या..." एवढं म्हणून पुढचं विशेषण शोधायला थांबलो की पडद्यावरचं पत्रक गायब आणि खामगावहून गाडी सुटलेली. एस्केपचं बटण दाबलं की ती बंद होते. पण मामाजींनी त्या बटणावर काडेपेटीचं टोपण चिकटवून ठेवलं होतं. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी असताना ते उचलायचं नाही, हा नियम.

"मामाजी, अकरा वाजता मोर्चा आहे! कलेक्टर कचेरीवर माणसं जमली!"

"अमडापूर सुटलं आता. चिखली येऊ दे."

"अहो, खोटी गाडी आहे ती!"

"मोर्चा खरा हाय ना? मंग थांबन तो. गाडी थांबत नसते."

वीज जायची तेव्हा तर बघायला नको. भारनियमनाचे दिवस. पडदा काळा पडला की मामाजी खुर्चीतच ताठ व्हायचे आणि वीज येईपर्यंत उठायचे नाहीत. एकदा शेजारचे मास्तर गंमत करायला म्हणाले, "मामाजी, लोकायचे हाल होऊन राह्यले असतील डब्यात." मामाजी शांतपणे म्हणाले, "डब्यात पाणी हाय. लहान लेकरं असतील तं आपल्या अंगणात उतरवा, मामीनं पोहे केले."

बाजाराच्या दिवशी उंद्रीचे तुळशीरामभाऊ येऊन बसत. आता पिकलेले, पांढरी टोपी, हातात पिशवी. मामाजी स्वतः लाजेनं उंद्रीला वर्षानुवर्षं गेले नव्हते, पण तुळशीरामभाऊ आले की त्यांना पडद्यासमोर बसवत आणि गाडी उंद्रीजवळ येऊ लागली की परीक्षेला बसल्यासारखं विचारत, "पाहा बरं भाऊ, तुमच्या वावरातून बरोबर जाऊन राह्यली ना?" तुळशीरामभाऊ डोळे बारीक करून पाहत, चहाचा घोट घेत आणि म्हणत, "हाव साहेब. बरोबरच हाय." मग हळूच, "तेवढा थांबा द्या ना उंद्रीले." मामाजी म्हणत, अर्ज करा. तुळशीरामभाऊंनी खरंच साध्या कागदावर सात सह्यांचा अर्ज आणला. मामाजींनी तो दोन महिने विचाराधीन ठेवला आणि मग थांबा दिला. सांगा, कुठल्या खऱ्या मागणीचा आमच्या जिल्ह्यात इतक्या लवकर निकाल लागलाय?

माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं ते बुलढाण्यावरून. आठ स्टेशनं टाकली या माणसानं, आणि त्यात बुलढाणा नाही! सरकारनं डावललं, एक वेळ समजू शकतो. स्वतःच्या घरातल्या, लुगड्यानं झाकलेल्या कॉम्प्युटरवर स्वतःच्याच गावाला डावलायचं? मी टेबलावर हात आपटला.

"चढ पाह्यला काय?" मामाजी म्हणाले. "गाडी चढत नाही इतका."

"मग डोंगर खाली करा! माऊस तर तुमच्याच हातात आहे. एक टिचकी."

"डोंगर कमी कराले मी काय मुरमाचा ठेकेदार हाय?"

हा त्यांचा स्वभाव. खेळण्यातसुद्धा खोटं चालायचं नाही. आणि नेमका हाच स्वभाव मी उचलला आणि पत्रकात छापला. मामाजींचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: "हा माणूस रेल्वेत बसलेला नाही. घाटावर रेल्वे आल्याशिवाय बसणारही नाही. सत्ताधाऱ्यांनो, तुमच्यात आहे एवढी धमक?" मजकूर त्यांनीच टाइप केला. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या आणि आपल्या फोटोकडे पाहून म्हणाले, "टोपी सरळ पाह्यजे होती." ते पत्रक चिखलीपासून देऊळगाव राजापर्यंत भिंतीभिंतीवर लागलं. मामाजींची घरगुती प्रतिज्ञा आता समितीची झाली. सभेत लोक त्यांना उभं करून टाळ्या वाजवत, आणि ते अवघडून नमस्कार करत खाली बसत. मला फार अभिमान वाटायचा. स्वतःचाच.

आणि मग बिलासपूरहून बातमी आली. लेकीला मुलगा झाला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, देवाधर्माचं सगळं करून थकल्यावर. मामीजी आधीच तिकडे गेलेल्या होत्या. बारसं ठरलं. मामाजींनी बाळंतविडा बांधला, एसटीचं वेळापत्रक काढलं आणि त्याच आठवड्यात अंगणात वाकले ते सरळ होईनात. मणक्यात गॅप. डॉक्टरांनी सांगितलं, एसटीचा एवढा प्रवास केलात तर बारशाला नव्हे, दवाखान्यात पोचाल. जायचं असेल तर झोपून जा. रेल्वेनं.

मामाजी कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "काय करू बे?"

एवढंच विचारलं होतं त्यांनी. मी काय उत्तर दिलं ते लिहायलाच हवं, कारण दुसऱ्यांची पापं मी नावानिशी छापत आलोय. मी म्हणालो, "मामाजी, तुम्ही बसलात तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं? दोन तालुक्यांत पत्रक लागलंय. उद्या विरोधक फोटोशेजारी फोटो लावतील. बारसं काय, नातू पुढं मोठा होऊन येईलच इकडे." मामाजींनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर हाय तुह्यं. अन् इहिरीचंही हायच."

त्यानंतर आठवडाभर मी रोज जात होतो. पडद्यावर गाडी चालू असायची, पण ती कुठंच थांबत नव्हती. खामगाव, उंद्री, चिखली, सरळ पुढं. मी विचारलं, "थांबे काऊन बंद केले?"

"उतरणारं कोणी नाही," मामाजी म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरी फोन वाजला. वहिनीनं उचलला आणि रिसिव्हर माझ्या हातात कोंबला. तिकडे मामीजी.

"कोण, पत्रकवाला काय? काय बे, माह्या नवऱ्याले तू अडवून राह्यला काय?"

"मामीजी, तत्त्वाचा प्रश्न आहे..."

"तत्त्व तुह्यं अन् नातू माह्या नवऱ्याचा? सांग मले, तू मांगच्या आठवड्यात नागपूरले गेलता, कशानं गेलता?"

मी नागपूरला निवेदन द्यायला गेलो होतो. मलकापूरहून. रेल्वेनं. रिझर्वेशन करून, खिडकीची जागा मागून घेऊन.

"बोलत काऊन नाही? लाऊडस्पीकर बिघडला काय?" आणि फोन आपटला.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं माघार घेतली असती. मी चळवळीतला. मला वाटलं, मामाजींचं मन डळमळतंय, त्याला टेकू द्यायला हवा. ज्या माणसासाठी ही प्रतिज्ञा, त्यालाच समोर आणून बसवलं की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली आणि उंद्री गाठली. तुळशीरामभाऊ घराच्या ओट्यावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं: लेक, नातू, पाठ, प्रतिज्ञा, पत्रक. शेवटी म्हणालो, "तुम्ही फक्त एवढं म्हणा, साहेब, खचू नका." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि माझ्यामागं गाडीवर बसले. वाटेत एकदाच बोलले, "लेकीचं पहिलंच हाय काय?" मी हो म्हणालो.

मामाजींनी त्यांना पाहिलं आणि पट्ट्यासकट उठायचा प्रयत्न केला. तुळशीरामभाऊंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवरच बसले.

"साहेब, एक गोष्ट सांगतो. रागाऊ नका."

"सांगा भाऊ."

"थे इहीर म्या खंदली."

"कोनची इहीर?"

"थेच. झेंडीवाली. तुमची बदली मेहकरले झालती ना, त्याच उन्हाळ्यात. लई वाट पाह्यली नाही म्या. पाणी बी चांगलं लागलं. आता तं मोटर हाय तिच्यावर."

मामाजींचं तोंड उघडं ते उघडंच.

"अन् मले सांगतलं नाही?"

"कसं सांगू? तुमी माह्यासाठी गाडीत बसनं सोडलं म्हून आयकलं. आता इतल्या मोठ्या माणसाले म्हनू काय, साहेब, तुमचा शब्द म्या कवाच मोडला? म्हनलं त्यायले वाईट वाटन. मंग साल गेलं, दोन सालं गेली. जितला उशीर झाला तितलं सांगणं कठीण झालं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे तुमची गाडी बी माह्या इहिरीवरूनच जाऊन राह्यली. म्या म्हनलं जाऊ द्या. काचेतल्या गाडीनं इहिरीचं काय बिघडते?"

मला हसू आलं. माझं पत्रक, माझी धमक, दोन तालुक्यांतल्या भिंती... हे सगळं एका मोटर बसवलेल्या विहिरीवर उभं होतं, आणि मी, जिल्ह्यातला प्रत्येक अन्याय तोंडपाठ असलेला मी, त्या गावात दहा सभा घेऊन कधी बांधावर चक्कर मारली नव्हती.

मामाजी काय करतील मला कळेना. रागावतील, रडतील, निदान मला तरी शिव्या घालतील. त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. गाडी चिखलीला आली, त्यांनी ती थांबवली, नियमाप्रमाणे. मग रूळ बदलायचा पडदा उघडला.

"बांधापासून किती पावलं हाय इहीर?"

"कोनत्या बांधापासून? नाल्याकडच्या?"

"नाल्याकडच्या."

"चाळीस. बेचाळीस पकडा."

"घेर?"

"तसा हाय मोठा. दोन बैलजोड्या वळतात बाजूनं."

तासभर ते दोघं म्हातारे पडद्यात डोकं घालून बसले होते. रूळ उखडले, नाल्याच्या कडेनं वळवले, पुन्हा जोडले. तुळशीरामभाऊ म्हणत, "अंदरून नका घेऊ, आंब्याचं झाड हाय," आणि मामाजी झाडाला वळसा घालत. शेवटी गाडी सोडली. ती वळणावर हळू झाली, विहिरीला बगल देऊन गेली. मामाजींनी कमरेचा पट्टा नीट केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिकीट काढ बे."

मलकापूरला न्यायला समितीची जीप घेतली. दुसरं वाहन मिळालं नाही. तिच्यावर भोंगा, दोन्ही बाजूंना "रेल्वे आमच्या हक्काची" असे फलक. मी फलक काढू का म्हणून विचारलं. "राहू दे. खोटं थोडंच लिवलं हाय?" मलकापूरकडे उतरणाऱ्या राजूर घाटात प्रत्येक वळणावर मामाजी डोळे मिटून जीपची दांडी धरत, आणि मी ड्रायव्हरवर ओरडत होतो, जणू रस्ता त्यानंच तसा केला होता.

गाडी आली. दाराशी गेल्यावर मामाजी थांबले. मला वाटलं, संपलं, परत फिरणार. ते माझ्याकडे वळले आणि हळूच, आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाऊ नये असं बघत, विचारलं, "चपला काढा लागतात काय?"

खामगाव-जालन्याचा प्रत्येक चढ तोंडपाठ असलेल्या माणसाला एवढं माहीत नव्हतं. मी म्हणालो, "नाही मामाजी, कुणीच काढत नाही."

त्यांनी काढल्या. हातात घेतल्या, उजवा पाय आधी आत ठेवला, आणि गेले.

बारशाला ते वेळेवर पोचले. मी पत्रकात छापला तो फोटो कुणी उकरून काढला नाही, विरोधकांनी काही लावलं नाही. खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. भिंतीवरची पत्रकं उन्हावाऱ्यानं आपोआप उडाली. पण घाटाच्या उतारावर आमच्या जीपनं त्यांच्या पाठीचं जे करायचं ते करून ठेवलं होतं. बिलासपूरच्या डॉक्टरांनी बजावलंय, रेल्वेनं कितीही फिरा, रस्त्याचा एकही धक्का नको. मामाजी तिकडेच आहेत. नातू आता धरून धरून उभा राहतो म्हणे. परवा फोनवर त्यांनी बुलढाण्यातल्या एकेका माणसाची चौकशी केली, पावसाची केली, अंगणातल्या कडुनिंबाची केली. मग म्हणाले, "गाडी लई चांगली असते बे. मलकापूरपर्यंत कधीबी येऊ शकतो मी. पुढं कसं करू, तेवढं सांग."

माझ्या पत्रकांत आजवर कापूस आला, सोयाबीन आलं, मिरची आली, विद्यार्थी आणि रुग्ण आले, मागास भागाचा अनुशेष आला. समितीची बैठक येत्या आठवड्यात आहे, नवं पत्रक लिहायचंय. कागद घेऊन बसलो तेव्हा एकच ओळ सुचली. तिच्यात शिवी नाही, घोषणा नाही. आमच्या एका माणसाला मलकापूरहून घरी यायचं आहे.